शोलेचा शेवट सापडला, आता सोकोरो शोधा

प्रति,
चिनेतेका दि बोलोन्या, बोलोन्या
आणि
चिनेतेका नात्सिओनाले, रोम

स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. तुम्ही इटलीतली चित्रपट संग्रहालयं, तुमच्याकडे भाषांतराची सोय असेलच. पण ज्यांच्या माळ्यावर, गोदामात किंवा बंद पडलेल्या थिएटरच्या केबिनमध्ये अजून रिळांचे डबे पडून आहेत, त्यांतले काही जण मराठी वाचतात. त्यांच्याही कानावर हे जायला हवं.

आधी उपकाराची गोष्ट. 27 जून 2025 ला बोलोन्यात, तुमच्या पियात्सा माज्जोरे चौकात, उघड्या आभाळाखाली, 'शोले' दाखवला गेला. आम्ही पन्नास वर्षं पाहत आलो तो 'शोले' नव्हे. त्यात ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला वाचवत नाहीत. ठाकूर त्याला खिळ्यांच्या बुटांनी तुडवून मारतो. 1975 साली आणीबाणीत सेन्सॉरने हा शेवट बदलायला लावला होता. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर हे काम हाती घेतलं, तेव्हा मूळ कॅमेरा निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमने (फिल्म सडून आंबूस वास सुटतो त्या रोगाने) पार खराब झालेली होती आणि 70 मिमीची एकही प्रत शिल्लक नव्हती. कामाला आली ती इंग्लंडमधल्या एका गोदामात पडून राहिलेली रिळं. ती तुमच्या लिम्माजिने रित्रोव्हाता प्रयोगशाळेत पोचली आणि तिथे चित्रपट पुन्हा उभा राहिला. उदयशंकरांची 'कल्पना' (1948) देखील 2012 मध्ये याच प्रयोगशाळेतून कान महोत्सवाला गेली होती. दोन्हींबद्दल मनापासून आभार.

रामनगरच्या खडकांत चित्रित झालेल्या, मुंबईच्या निर्मात्यांनी काढलेल्या चित्रपटाचा शेवट इंग्लंडमध्ये सापडतो आणि इटलीत जुळवला जातो, तर हीच वाट उलट दिशेने का चालू नये? 'शोले'चं तुमच्याशी असलेलं नातं मी सांगायला नको. ठाकूरच्या घरावरच्या हल्ल्यात लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधल्या मॅकबेन कुटुंबाच्या हत्याकांडाची सावली दिसते, हे इथल्या कॉलेजच्या कट्ट्यावरच्या पोरांनाही ठाऊक असतं. आमच्या घरचं हरवलेलं पोर तुम्ही शोधून आणून दिलंत. तुमच्या घरातली, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या इटालियन वेस्टर्न चित्रपटांतली, काही अजून बेपत्ता आहेत. त्यांच्याविषयीच हे पत्र.

सर्वांत प्रसिद्ध बेपत्ता प्रकरण सर्जिओ लिओने यांच्या 1966 च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधलं. त्यात सोकोरो नावाच्या गावातला एक प्रसंग होता. नायक ब्लाँडी (क्लिंट ईस्टवुड) हॉटेलच्या खोलीत एका मेक्सिकन बाईबरोबर आहे आणि त्याचा माग काढत टुको (एलाय वॉलाख) त्याच गावात पोचला आहे. चित्रीकरणातली छायाचित्रं आहेत. फ्रेंच जाहिरातपटात त्यातले काही क्षण आहेत. बाकी काही नाही. जगात कोट्यवधी लोकांनी पाहिलेला, ज्याच्या संगीताचे पहिले दोन स्वर वाजले की बस कंडक्टरसुद्धा शीळ घालतो, अशा चित्रपटाचा एक अख्खा प्रसंग जाहिरातपटातल्या तुकड्यांवर आणि स्थिरचित्रांवर जगतो आहे. एखाद्या फुटकळ निर्मात्याचा चित्रपट असता तर समजू शकलो असतो. पण हा तर त्या काळातला तुमचा सर्वांत मोठा चित्रपट.

मला वाटतं, 'हरवलेला चित्रपट' म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चुकीचं चित्र येतं. आमचा 'आलम आरा' (1931) गेला तो पुरता गेला. एक फ्रेमही हाती नाही. मूकपटांचंही बहुतांशी तसंच झालं. इटालियन वेस्टर्नचं हरवणं मात्र निराळ्या जातीचं आहे. ते हप्त्याहप्त्याने आणि देशोदेशी झालं. चित्रपट एक, पण रोमला एका लांबीचा, माद्रिदला हुकूमशहा फ्रँकोच्या सेन्सॉरने छाटलेला, जर्मनीत नाव बदलून आणि संवाद बदलून, अमेरिकेत पंधरा-वीस मिनिटांनी तोकडा. प्रत्येक देशाकडे कुठला ना कुठला तुकडा आहे आणि अख्खा हिशेब कुणाकडेच नाही. 'द गुड, द बॅड'चीच अमेरिकेतली प्रत 161 मिनिटांची होती. जी इटलीत दिसत होती ती दृश्यं इंग्रजी प्रेक्षकांनी 2003 पर्यंत धड पाहिलीच नव्हती.

याचं मूळ धंद्यात होतं. लिओनेचाच 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (1964) तीन देशांच्या पैशांवर उभा राहिला: रोमची जॉली फिल्म, म्युनिकची कॉन्स्टांटिन, माद्रिदची ओशन. चित्रीकरण माद्रिदजवळच्या होयो दे मान्थानारेसला आणि आल्मेरियाच्या वाळवंटात. नट अमेरिकन, इटालियन, जर्मन, स्पॅनिश; सेटवर जो तो आपल्या भाषेत बोलणार आणि आवाज नंतर स्टुडिओत चिकटवला जाणार. त्यामुळे 'मूळ' प्रत कुठली, या प्रश्नाला सरळ उत्तरच नव्हतं. जो देश जशी मागेल तशी प्रत करून द्यायची. वितरकाला शेवट फार काळाकुट्ट वाटला तर दुसरा शेवट चित्रित करून द्यायचा.

हे शेवटचं वाक्य अतिशयोक्ती नाही. सर्जिओ कोर्बुच्ची यांचा 'इल ग्रांदे सिलेंत्सिओ' (1968) पाहा. कोर्तिना दाम्पेत्सोच्या बर्फातला वेस्टर्न, जाँ-लुई त्रँतिन्याँचा मुका नायक, समोर क्लाउस किन्स्की. माझ्या मते त्या सगळ्या लाटेतला सर्वोत्तम चित्रपट हाच. लिओनेप्रेमींनी रागवू नये. त्याचा शेवट इतका निर्दय आहे की काही बाजारपेठांसाठी एक गोड शेवटही चित्रित करून ठेवला गेला. तो पुढे सापडला, पण आवाजाविना. 2001 च्या डीव्हीडीवर तो मुकाच घातला गेला. मुक्या नायकाच्या चित्रपटाचा मुका शेवट! गंमत वाटते, पण मागचं कारण गमतीचं नाही. या चित्रपटांचा आवाज वेगळ्या चुंबकीय फितीवर असायचा, आणि चुंबकीय फितीला व्हिनेगर सिंड्रोम लवकर धरतो, कारण तिच्यावरचं लोहाचं संयुग सडण्याला आणखी हातभार लावतं. चित्र वाचतं, आवाज आधी जातो.

जूलिओ क्वेस्ती यांचा 'से सेइ व्हिव्हो स्पारा' 1967 च्या सुरुवातीला आला, जप्त झाला आणि कापून पुन्हा लावला गेला. टाळू सोलण्याचं दृश्य आणि सोन्याच्या गोळ्या काढायला गावकरी एका जखमी दरोडेखोराचं शरीर फाडतात ते दृश्य, ही दोन्ही नंतर परत बसवली गेली, पण त्यांचं इंग्रजी ध्वनिमुद्रण कधी झालंच नव्हतं. त्यामुळे इंग्रजी प्रतीत मध्येच माणसं इटालियन बोलू लागतात. मला ते आवडतं. शिवण दिसते, आणि कापड कुठे फाटलं होतं ते कळतं.

नट टोनी अँथनीच्या 'स्ट्रेंजर' मालिकेतला तिसरा चित्रपट 1968 मध्ये चक्क जपानात चित्रित झाला आणि बाहेर आला 1975 मध्ये. तोवर लाट ओसरली होती. हा हरवला नव्हता, अडकला होता. प्रेक्षकाच्या लेखी दोन्ही सारखंच.

आणि एक उदाहरण असं आहे की त्यावरून तुम्हाला काय मागायचं हे मला सुचलं. सत्तरच्या दशकात अमेरिकन टीव्हीने 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' दाखवायचं ठरवलं. नायक पैशांसाठी सरळ माणसं मारतो, याला काही नैतिक कारण नको का? म्हणून दिग्दर्शक मॉन्टी हेलमनकडून एक नवी प्रस्तावना चित्रित करून घेतली. हॅरी डीन स्टँटन तुरुंगाधिकारी आणि नायकाच्या जागी पाठमोरा, टोपीखाली तोंड लपवलेला भलताच माणूस. चित्रपटाच्या दृष्टीने ही भर निव्वळ फालतू. पण इतिहासाच्या दृष्टीने ती हवीच होती, आणि ती टिकली ती एका रसिकाने घरच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर प्रसारण टिपून ठेवलं म्हणून. कुठल्याही संग्रहालयाने नव्हे. एका घरातल्या कॅसेटने.

आता तुमच्या कोठारांतल्या निगेटिव्हांबद्दल. हे चित्रपट बहुतेक टेक्निस्कोपवर चित्रित झाले. इटलीतल्या टेक्निकलर कंपनीचीच ही युक्ती: 35 मिमीच्या एका फ्रेमला चार छिद्रांऐवजी दोनच छिद्रांची उंची द्यायची. फिल्म निम्मी लागते. एक हजार फुटांचं रीळ अकराऐवजी बावीस मिनिटं चालतं. वर साधी भिंगं चालतात, त्यामुळे टुकोच्या डोळ्यांपासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं लख्ख. कंजूषपणातून सौंदर्य जन्माला आलं ते असं. पण या निगेटिव्हवरून थिएटरची प्रत काढायला खास प्रक्रिया लागायची. टेक्निकलरची रंग ठसवण्याची ती पद्धत सत्तरच्या दशकात मोडीत निघाली आणि टेक्निस्कोपची निगेटिव्ह अडगळीत गेली. पुढच्या प्रती नकलेच्या नकलेवरून निघाल्या: दाणेदार, मळक्या, गुलाबट. ज्या निगेटिव्हची प्रतच काढता येत नाही तिचं गोदामभाडं कोण भरत बसणार? आज स्कॅनरला दोन छिद्रं की चार याचा फरक पडत नाही, आणि तुमच्या प्रयोगशाळेने 2014 मध्ये लिओनेच्या चित्रपटांवर ते दाखवूनही दिलं. मधली तीस-चाळीस वर्षं मात्र गेली ती गेलीच.

लिओनेला वाली मिळाला. बाकीच्यांचं काय? साठीच्या सुरुवातीपासून सत्तरीच्या अखेरीपर्यंत पाचशेच्या आसपास वेस्टर्न निघाले. कित्येक कंपन्या एका-दोन चित्रपटांपुरत्या उघडल्या आणि मिटल्या. त्यांच्या निगेटिव्ह प्रयोगशाळांत थकलेल्या बिलांपायी अडकल्या, मालकी या हातातून त्या हातात गेली, वारसांना आपल्याकडे काय आहे हेच माहीत नाही. हे चित्रपट सगळे थोर होते असं मी म्हणणार नाही. निम्म्यांत तोच सेट, तेच घोडे, तीच हाणामारी. काही तर पाहवत नाहीत. तरीही ते हवेत. त्या सुमार चित्रपटांतूनच लिओने आणि कोर्बुच्ची वेगळे का, हे समजतं. आणि एखादा सुमार समजला गेलेला चित्रपट पूर्ण लांबीत पाहिल्यावर बरा निघतो, हेही घडलेलं आहे. कापलेल्या प्रतीवरून दिलेला निकाल हा अर्धीच साक्ष ऐकून दिलेला निकाल असतो.

रोमच्या चिनेतेका नात्सिओनालेला इथे थोडं वेगळं विचारायचं आहे. 1949 च्या कायद्याने तुमची स्थापना झाली आणि सरकारी सवलत घेणाऱ्या निर्मात्याने एक प्रत जमा करायची, अशी व्यवस्था आली. म्हणजे जमा व्हायला हव्या होत्या त्या प्रतींचा हिशेब तुमच्या दप्तरी लावता येतो. दुसरीकडे सेन्सॉरच्या परवान्यांत प्रत्येक चित्रपटाची मीटरमधली लांबी आणि कापलेल्या दृश्यांचं वर्णन असतं. हे दोन कागद शेजारी ठेवले की फरक समोर येतो: परवाना इतक्या मीटरचा, हातातली प्रत तितक्या मीटरची, मधलं कुठे गेलं?

माझी मागणी एवढीच आहे. त्या फरकाची यादी करा आणि ती उघड्यावर मांडा.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2010 मध्ये 75 बेपत्ता चित्रपटांची यादी जाहीर केली. लाज वाटायची गोष्ट होती, तरी केली. त्यानंतर त्यातले काही चित्रपट सापडले, कारण आपल्या कपाटातल्या डब्याला कुणी तरी शोधतं आहे हे डबेवाल्यांना कळलं. संग्रहालयांचा स्वभाव उलटा असतो. काय सापडलं याचा सोहळा होतो, काय नाही याची वाच्यता होत नाही. तुमच्या इल चिनेमा रित्रोव्हातो महोत्सवाचं नावच सापडलेल्या चित्रपटांवरून आहे, आणि 1986 पासून तुम्ही तो डौलाने भरवता. त्याच महोत्सवात एक दिवस न सापडलेल्यांचा ठेवा. त्या दिवशी पडद्यावर सोकोरोची छायाचित्रं दाखवा, मुका शेवट मुकाच दाखवा, परवान्यातली कापलेल्या दृश्यांची वर्णनं कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. पियात्सा माज्जोरेत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या प्रोजेक्शनिस्टला काही आठवलं, तर तुमचा खर्च वसूल.

सापडलेलं कसं जोडायचं यावरही बोलून टाकतो, भले तुम्हाला आगाऊपणा वाटो. 2003 मध्ये 'द गुड, द बॅड'ची लांब प्रत बनली तेव्हा सत्तरी ओलांडलेला क्लिंट ईस्टवुड आणि नव्वदीकडे झुकलेला एलाय वॉलाख पुन्हा माइकसमोर उभे राहिले आणि स्वतःच्या तरुण तोंडात शब्द घातले. तिसरा नट ली व्हॅन क्लीफ 1989 मध्येच गेला होता. त्याच्यासाठी दुसरा आवाज आणला. दोघा म्हाताऱ्यांबद्दल मला आदरच आहे, पण टुको मध्येच आजोबांच्या आवाजात बोलू लागतो तेव्हा रसभंग होतो. शिवाय लिओनेने स्वतः काढून टाकलेला गुहेचा प्रसंगही त्यात घातला गेला. दिग्दर्शकाने नको म्हटलेलं आणि वितरकाने कापलेलं, या दोन गोष्टी एकाच टोपलीत टाकू नयेत. 2014 च्या तुमच्या प्रतीवरच्या पिवळ्या झाकेबद्दल जगभरच्या रसिकांनी आरडाओरडा केला तो तुम्ही ऐकलाच असेल. मला त्यांचं पटतं. आल्मेरियाचं आभाळ निळं असतं. रंग हा निर्णय असतो, आणि निर्णय घेणाऱ्याने तो कशावरून घेतला हे प्रतीबरोबर लिहून द्यावं. जोडलेला आवाज कुठला, उसनं घेतलेलं दृश्य कुठल्या देशाच्या प्रतीतलं, हेही. इतकी पारदर्शकता असली की वाद होतील, पण अंधारात होणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, याला माणसं कुठून आणायची? माणसं आहेत. बुर्गोसजवळच्या डोंगरांत, 'द गुड, द बॅड'च्याच शेवटासाठी, स्पॅनिश सैनिकांनी सॅड हिलची दफनभूमी उभी केली होती. सुमारे पाच हजार खोटी थडगी. चित्रीकरण संपलं, गवत माजलं, गुरं चरू लागली. 2015 पासून वेड्या चाहत्यांनी कुदळ-फावडी घेऊन तिथे खणायला सुरुवात केली आणि मातीखालचं दगडी वर्तुळ जसंच्या तसं वर काढलं. पंधरा युरो द्या आणि एका थडग्यावर आपलं नाव लावून घ्या, अशी वर्गणी काढली. कुणाचं अनुदान नाही, कुणाचा आदेश नाही. (जाता जाता: त्याच परिसरातला पूल उडवताना लष्करी अधिकाऱ्याने कॅमेरे सुरू होण्याआधीच सुरुंग पेटवला आणि पूल पुन्हा बांधावा लागला. त्या पहिल्या स्फोटाची यादीत नोंद करू नका. ते कधी टिपलंच गेलं नाही.) जी माणसं एका खोट्या स्मशानासाठी सुट्टीच्या दिवशी माती उपसतात, ती तुमच्यासाठी रिळांचे डबे उघडणार नाहीत? फक्त काय शोधायचं ते त्यांना सांगा.

आमच्या बाजूने काय होऊ शकतं, तेही लिहितो. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी ते डबा डबा गोळा करून उभं केलं आणि ज्याला बाकीचे रद्दी म्हणत ते घ्यायला ते स्वतः जात. ती परंपरा अजून थोडी शिल्लक आहे. परदेशी चित्रपटांच्या प्रती वितरणाची मुदत संपली की नष्ट करायच्या, असा करार असायचा. पण करारात लिहिलेलं सगळं गोदामात घडतंच असं नाही, हे मुंबईच्या नाझ बिल्डिंगमधल्या कुठल्याही जुन्या वितरकाला विचारा. आशियासाठी काढलेल्या प्रतींपैकी एखादी इथे कुठे धूळ खात पडली असेल, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण पाहिल्याशिवाय नाही असंही म्हणवत नाही. अमेरिकन टीव्हीची ती प्रस्तावनाही अशाच कुणाच्या तरी घरातून निघाली.

म्हणून यादी करताना एक व्यवहाराची काळजी घ्या. इटालियन नावाशेजारी त्या चित्रपटाची इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, फ्रेंच, सगळी नावं द्या. जर्मनीत तर ज्याचा कोर्बुच्चीच्या जँगो या नायकाशी काडीचाही संबंध नाही अशा चित्रपटांच्या नावातही जँगो घुसवला होता. दिग्दर्शकांनीही अमेरिकन टोपणनावं घेतली होती. खुद्द लिओने 'बॉब रॉबर्टसन' होऊन आला होता. डब्यावर नेमकं काय लिहिलेलं असू शकतं, रिळावर कुठला शिक्का असेल, किती रिळांचा संच असायला हवा, एवढं मिळालं तर सोलापूरच्या नाही तर इचलकरंजीच्या बंद थिएटरच्या मालकालाही दहा मिनिटांत पडताळता येईल. आणि डबा उघडल्यावर आंबूस वास आला तर तो फेकू नये, बाकीच्या डब्यांपासून वेगळा, थंड कोरड्या जागी ठेवावा आणि आधी कळवावं, ही सूचना सर्वांत वर, ठळक अक्षरांत छापा.

यादी इटालियनमध्ये पाठवलीत तरी चालेल. मराठी आम्ही करून घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इटालियन वेस्टर्नचा एक मराठी प्रेक्षक,
पुणे